चिटबॉयची तारीख

आमच्या ऑफिसात दर सोमवारी साडेदहाला स्टेटस मीटिंग असते. पडद्यावर एक एक्सेल शीट उघडते आणि प्रत्येक मॉड्यूलपुढे एक रंग असतो. हिरवा म्हणजे सगळं वेळेवर, पिवळा म्हणजे जरा काळजी, आणि लाल म्हणजे संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये वेगळी मीटिंग. साहजिकच लाल कुणी होत नाही. गेल्या डिसेंबरात माझं मॉड्यूल सलग तीन सोमवार हिरवं होतं, आणि त्यातला एकही हिरवा खरा नव्हता.

हे आज इथे लिहितोय त्याला निमित्त झाला माझ्या मामाचा ऊस.

मामाचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पार शेपटाकडे. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावं लागतात. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. हिवाळ्यात मात्र या रस्त्यावर राज्य असतं ते दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचं. मागे लाल दिवा नाही, गाणी मात्र चंद्रावर ऐकू जातील इतकी मोठ्याने. कालवा १८८५ सालचा, इंग्रजांनी दुष्काळी मुलखासाठी काढलेला, आणि त्याच्यामागोमाग इथे ऊस आला. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात इथेच कारखाना काढला, त्याचं वालचंदनगर झालं. (याच वालचंदनगरात पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनू लागले. म्हणजे डेडलाइनची या मातीला सवय आहे म्हणायची!) आज सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा हे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत आहेत, खासगी वेगळे. मामाचा ऊस कुठे जातो ते मुद्दामच सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात त्या कारखान्याचं नाव येण्याचं कारण नाही.

तर डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी मी गावी गेलो. खरं तर बिल्ड मोडलेलं होतं आणि मला पुण्यात राहवत नव्हतं. मामा बांधावर बसला होता. समोर दीड वर्षाचा आडसाली ऊस, शेंड्याला पांढरे तुरे आलेले. शहरातल्या माणसाला ते दृश्य फार देखणं वाटतं, मीही मोबाइल काढला. मामा म्हणाला, "फोटो काय काढतोस, वजन चाललंय त्येचं."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना मला घाम फुटायला लागला.

आधी हे तंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचा उसाशी संबंध रसवंतीपुरताच. शेतकरी लागण केली की कारखान्याच्या शेतकी खात्याकडे नोंद करतो. कुठल्या तारखेला लागण, कुठली जात, किती एकर. या तारखांच्या क्रमाने तोडणीचा 'प्रोग्रॅम' लागतो. (शब्द त्यांचाच आहे, माझा नाही.) जुलै-ऑगस्टची आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा. कागदावर हे इतकं नेटकं दिसतं की हेन्री गँटने बघितलं असतं तर खूश झाला असता. हा गँट म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी कामांच्या आडव्या पट्ट्या काढायची पद्धत रूढ करणारा गृहस्थ, ज्याच्या नावाने आपण आजही मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये रडतो.

या सगळ्या पट्ट्या शेवटी एकाच जागी जाऊन मिळतात. गव्हाण. म्हणजे कारखान्यात ऊस जिथे पडतो आणि पुढे गाळायला जातो ती जागा. गव्हाणीचं पोट ठरलेलं. समजा दिवसाला पाच हजार टन. जास्त ऊस आला तर यार्डात गाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस वाळतो. तो चोवीस तासांच्या आत गाळला जावा असं म्हणतात, कारण त्यानंतर वजनही उतरतं आणि साखरही. कमी आला तर 'नो केन' म्हणून गाळप थांबतं. म्हणजे आजच्या तोडणीचा हिशोब उद्याच्या गव्हाणीवरून मागे मोजत यायचा. एली गोल्डरॅटने १९८४ साली 'द गोल' नावाची अख्खी कादंबरी याच गोष्टीवर लिहिली, की साखळीत जी जागा सगळ्यात अरुंद तिच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. आमच्याकडे ते पुस्तक ट्रेनिंगमध्ये फुकट वाटलं होतं, मी चाळून ठेवून दिलं. मामाला ते न वाचता पाठ आहे.

आता पाच हजार टन तोडणार कोण? बीड, अहिल्यानगर, जळगावकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, दिवसाला फार तर दोन टन. करा हिशोब, अडीच हजार कोयते लागतात. त्यांच्यासाठी मुकादमाला आधी उचल दिलेली असते, आणि प्रोग्रॅम आखताना उचल घेतलेले कोयते म्हणजे आलेले कोयते असं धरलेलं असतं. इथेच सगळं फसतं. पुण्यातल्या कुठल्याही एचआरवाल्याला विचारा, ऑफर लेटर घेतलेली माणसं आणि सोमवारी जॉइन झालेली माणसं यांत किती फरक असतो!

आणि या प्रोग्रॅमचा जो चेहरा शेतकऱ्याला दिसतो तो म्हणजे चिटबॉय. कारखान्याचा बारका नोकर, मोटारसायकलवर फिरणारा. टोळी कुठल्या फडात लावायची, स्लिप कुणाच्या नावाने फाडायची, हे त्याच्या हातून होतं.

तर नोव्हेंबरच्या शेवटी हा चिटबॉय मामाला म्हणाला, "आबा, आठ दिवसांत तोड लावतो." झालं. तोड जवळ आली की उसाचं पाणी तोडतात. एक तर ऊस पक्व व्हायला, आणि दुसरं म्हणजे रानात ओल राहिली तर ट्रॅक्टर रुततो. तिसऱ्या दिवशी कालव्याला आवर्तन आलं. मामाने पाणी मागणीचा सात नंबर फॉर्म भरलेला होता, पाळी त्याची होती. त्याने पाळी सोडून दिली. आठ दिवसांत तोड म्हटल्यावर पाणी कशाला द्यायचं? शेजाऱ्याला म्हणाला, तू घे. आता शेपटाला पुन्हा पाणी कधी येईल ते कालव्यालाच माहीत, विहीर केव्हाच तळाला गेलेली. आठाचे पंधरा दिवस झाले, टोळीचा पत्ता नाही. रोज विचारलं की "उद्या".

उशीर झाला याचं मामाला एवढं नव्हतंच. "हंगामात मागंपुढं व्हतंच रे. पण महिना लागंल म्हणला असता तर मी पाणी दिलं नसतं व्हय?"

माझ्या डोळ्यांसमोर आमची टेस्टिंग लीड आली.

तिला मी तीन आठवडे दर सोमवारी सांगत होतो, "बुधवारी बिल्ड देतो." तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. माझ्या बुधवारच्या भरवशावर तिने ते दोनदा पुढे ढकललं होतं. मला हे माहीत होतं. आणि तरी दर सोमवारी तो चौकोन मी हिरवा करत होतो, कारण काहीतरी चमत्कार होऊन मंगळवारी रात्रीपर्यंत होईल असं मला मनापासून वाटायचं. हे 'मनापासून' फार वाईट. पूर्ण खोटं बोलणारा माणूस निदान स्वतःला तरी ओळखून असतो.

दुपारी चिटबॉय आला. मला वाटलं होतं कुणी बेरकी माणूस असेल, तर बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. खिशात दोन मोबाइल, दोन्ही वाजतायत. मामाने चहा सांगितला (शिव्या दुपारी आणि चहा समोर, हा मामाचा स्वभाव). मी त्याला सरळ विचारलं, तुला खरंच वाटतं का उद्या टोळी येईल?

तो आधी हसला. मग मामा आत गेल्यावर म्हणाला, "दादा, माझ्या गटात नऊ टोळ्या धरल्यात, आल्यात सहा. त्यातली एक गेल्या आठवड्यात रात्रीतनं गेली. मशीन लावावं तर आबांचा ऊस पडलाय आणि सरी अरुंद, आत जात न्हाई. मला दिवाळीलाच दिसत हुतं. पण खरं सांगितलं की लोक अंगावर येत्यात. उद्या म्हणलं की च्या देत्यात."

यावर मी काय बोलणार? माझीही नोकरी तीच, फक्त चहा मशीनचा.

मग मी मला येतं तेवढं केलं. त्याला म्हटलं, समज नोव्हेंबरच्या शेवटी तुला कुणी तीन आकडे विचारले असते. सगळं छान जुळलं तर किती दिवस, नेहमीसारखं चाललं तर किती, आणि सगळंच बिघडलं तर किती? त्याने क्षणभरही विचार केला नाही. "आठ, वीस, पंचेचाळीस."

हे तीन आकडे घेऊन करायचं एक जुनं गणित आहे. १९५८ साली अमेरिकन नौदलाने पाणबुडीवरच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची पद्धत काढली, त्यातलं. मधल्या आकड्याला चारने गुणायचं, दोन्ही टोकं मिळवायची, सहाने भागायचं. आठ, अधिक ऐंशी, अधिक पंचेचाळीस म्हणजे एकशे तेहेतीस. भागिले सहा, बावीस दिवस. त्याच्याच स्लिपच्या पाठीवर मी ते लिहिलं. पोरगं हुशार, लगेच म्हणालं, "म्हंजे मी सांगितलं ते आठ निस्तं नशिबाचं हुतं." अगदी बरोबर. नशीब फळफळलं तर जी तारीख येते तीच आपण सगळे वचन म्हणून देतो. हे बावीसही काही खरे ठरणार नव्हते (ठरले नाहीतच, पुढे सांगतो), पण बावीस ऐकून मामाने पाणी सोडलं नसतं, आणि पंचेचाळीस ऐकून तर नाहीच नाही.

रात्री ओसरीवर बसून मी माझेही तीन आकडे काढले. कामाचे दिवस: चार, बारा, सव्वीस. उत्तर तेरा. आणि मी सांगत होतो परवाचा बुधवार. माणसं वाढवून मागावीत का, हाही विचार आला. पण फ्रेड ब्रुक्सने १९७५ सालीच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरला आणखी माणसं लावली की ते आणखी लांबतं. उसाचं तसं नाही. तोडायला कोयते वाढवले तर गव्हाण भरेपर्यंत फायदाच होतो. पिकायला मात्र त्याला त्याचे सोळा-सतरा महिने लागतातच, बांधावर कितीही मॅनेजर बसवा.

सोमवारी मी मॉड्यूल लाल केलं. तीनही आकड्यांची मेल लिहिली, क्लायंटपर्यंत गेली. संध्याकाळची मीटिंग कशी झाली ते विचारू नका. पहिल्या रिलीजमधून दोन रिपोर्ट काढायचे ठरले, जे तीन आठवड्यांपूर्वी सहज काढता आले असते. टेस्टिंग लीडशी बोलायला गेलो तेव्हा वाटलं होतं चांगलीच झापेल. तिने फक्त विचारलं, "सव्वीस म्हणजे जास्तीत जास्त ना?" आणि माझ्यासमोर हॉस्पिटलला फोन लावून पुढच्याच आठवड्यातली तारीख घेतली. मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. बिल्ड अठराव्या दिवशी गेलं. तेराव्या नाही.

मामाची तोड आली सदतिसाव्या दिवशी, जानेवारी लागल्यावर. एकरी पासष्ट टनांची आशा होती, चोपन्न भरला. त्यातले पाण्यामुळे किती गेले आणि तुऱ्यामुळे किती, हे कुणी सांगू शकत नाही. मामा अकराच्या अकरा टन चिटबॉयच्या खात्यावर लिहितो.

मी नेमका त्या रविवारी तिथे होतो. टोळी पहाटे अंधारातच आली होती. उजाडेपर्यंत निम्मी सरी मोकळी झालेली, बांधावर एका लुगड्याच्या झोळीत तान्हं पोर, थंडीत पाचट पेटवून त्याभोवती दोन म्हाताऱ्या. मामाने घरून चहाची किटली आणली. एक बाई मोळी बांधता बांधता मला म्हणाली, "दादा, तुम्ही कारखान्याचं हाय का? पट्टा कवा पडंल काय कळलं का?" पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं, त्यांची घरी जायची तारीख. मुकादम म्हणतो लवकर, बाकी कुणी काही सांगत नाही. गावाकडे थोरली मुलगी आजीपाशी ठेवलेली.

मी म्हटलं, मी कारखान्याचा नाही. मामा किटली खाली ठेवत म्हणाला, "मार्चात पडंल की." मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तिला म्हणाला, "लवकरात लवकर म्हणशील तर होळीच्या आधी. लांबलं तर पाडवा."

"मंग पाडवाच धरते," ती म्हणाली, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढली.