शून्य-एक की एक-शून्य?

खदानीतल्या धुळीने छातीत काय करून ठेवलं आहे, हे एक्स-रेवर मोजायची एक पट्टी जगभर वापरली जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, १९५० पासून वेळोवेळी सुधारत आणलेली. फुप्फुसात बारीक ठिपके किती दाट पसरले आहेत त्यावरून शून्य, एक, दोन, तीन असे चार वर्ग. एवढंच असतं तर मी तिच्यावर लिहायला बसले नसते. पण ही पट्टी वाचणाऱ्याकडून दोन आकडे मागते. पहिला, तुम्ही ठरवलेला वर्ग. दुसरा, तुम्ही मनापासून विचारात घेतलात आणि मग सोडून दिलात तो वर्ग. १/१ म्हणजे दुसरं काही मनात आलंच नाही. ०/१ म्हणजे नाही म्हणते, पण तिथे थबकले होते. १/० म्हणजे आहे म्हणते, पण नसण्याचाही विचार केला. अशा बारा पायऱ्या होतात. डॉक्टरला आपली शंका आकड्यात लिहून द्यायला लावणाऱ्या तपासण्या फार थोड्या. आपल्याकडे शंका रिपोर्टच्या शेवटी 'कृपया क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे' अशा एका वाक्यात गुंडाळायची पद्धत आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात बसून या पट्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, भूमिगत कोळसा खदानी इथेच आहेत, खाप्याच्या बाजूला गुमगावची मँगनीजची खदान आहे, आणि गिट्टी खदानींवर राबणारी माणसं तर रोजच भेटतात. फिल्म हातात पडायच्या आधी त्यांचा प्रश्न येतो, "काय हाय जी फोटोत?" १९५२ च्या खाण कायद्याने धुळीने होणारे सिलिकोसिस आणि कोळसा खाणकामगारांचा न्यूमोकोनिओसिस हे सरकारला कळवायचे आजार ठरवले. १९५५ च्या नियमांनी कामगाराची दर पाच वर्षांनी तपासणी बंधनकारक केली, तिच्यात छातीचा फोटोही येतो. कामगार तिला 'पीएमई' म्हणतात. नागपुरात वाडीच्या बाजूला राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था आहे, २०१९ मध्ये केंद्राने अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन केलेली. खदानींच्या डॉक्टरांना ही पट्टी वापरायला शिकवणं हे तिचं एक काम. म्हणजे ज्या विषयासाठी लोक वेल्स आणि दक्षिण आफ्रिकेचे दाखले देतात, त्याची शाळा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

मी रोजच्या कामात फोटो वाचते तो माणसासकट. किती वर्षं खाली काम केलं, ड्रिलवर होता की वर कार्यालयात, बिडी किती, टीबीची औषधं कधी घेतली, वजन उतरलं का, हे सगळं विचारून मगच फोटो व्ह्यू बॉक्सवर लावायचा. कारण टीबी आणि सिलिकोसिस दोघांनाही फुप्फुसाचा वरचा भाग आवडतो, आणि धुळीचे अगदी बारीक ठिपके मिलिअरी टीबीसारखे दिसू शकतात. पट्टीच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे की फोटोतली कुठलीही एक खूण केवळ धुळीचीच असं म्हणता येत नाही. तेव्हा माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

संशोधनासाठी वाचायला बसलं की नेमकं हेच सोडायचं असतं. नाव नाही, वय नाही, खदान नाही. पाकिटावर फक्त एक क्रमांक. अशा एका अभ्यासात वाचक म्हणून बसले तेव्हा पहिले काही दिवस मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जे कमावलं ते दाराबाहेर ठेवून या, असंच कोणी म्हणतंय जणू. पुढे कळलं, की प्रश्न माझ्या हुशारीचा नव्हताच. हा ड्रिलर आहे हे माहीत असलं की डोळा ठिपके शोधायला लागतो आणि ठिपके सापडतात. मग 'ड्रिलरमध्ये आजार जास्त' हा निष्कर्ष खदानीतून आला की माझ्या डोक्यातून, हे सांगायची सोय उरत नाही.

हा नियम जुना आहे. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने टीबीवर स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी छापली. १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. फिल्म तिघांनी वेगवेगळ्या वाचल्या, दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक फिजिशियन, आणि कोणती फिल्म कोणत्या गटातली हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात २८ जणांच्या फोटोत लक्षणीय सुधारणा, दुसऱ्या गटात चौघांच्या. या चाचणीचं नाव निघालं की लोक चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याचं कौतुक करतात. ते योग्यच आहे. पण माझ्या धंद्याच्या नजरेतून तिचा अर्धा भरवसा त्या तीन डोळे बांधलेल्या वाचकांवर उभा आहे.

तीन वाचक कशाला, एक चांगला पुरत नाही का? याचं उत्तर वेल्सच्या कोळसा खाणींनी दिलं. कार्डिफच्या न्यूमोकोनिओसिस संशोधन केंद्रातले फ्लेचर आणि ओल्डहॅम यांनी १९४९ मध्ये दाखवलं की अनुभवी माणसंही एकाच फोटोवर एकमत होत नाहीत; एवढंच नव्हे, तोच माणूस तीच फिल्म पुन्हा पाहताना स्वतःशीही सहमत असेल असं नाही. त्याच केंद्रात आर्ची कॉक्रन होते. त्यांनी ऱ्होंडा फाख नावाच्या अख्ख्या खोऱ्याचे छातीचे फोटो काढायचा घाट घातला, धुळीच्या आजाराचं भयंकर रूप टीबीमुळे येतं का हे तपासायला. अख्ख्या खोऱ्याचं मोजमाप करायचं, तर आधी मोजणाऱ्या डोळ्यांचं मोजमाप हवं, हे त्या मंडळींनी ओळखलं.

म्हणून आता अभ्यासात काही फिल्म मुद्दाम दुसऱ्यांदा, वाचकाला न सांगता गठ्ठ्यात घालतात. मग सहमतीचा आकडा काढतात. नुसती टक्केवारी इथे फसवते. शंभर फोटोंपैकी नव्वद निरोगी असतील तर डोळे मिटून 'नॉर्मल' म्हणणारे दोन वाचक शंभर टक्के सहमत ठरतील आणि दोघेही निरुपयोगी. योगायोगाने जुळणारं मत वजा करून उरेल तेवढंच मोजायचं; त्या आकड्याला कप्पा म्हणतात. कुठलाही इमेजिंगचा शोधनिबंध हातात आला की मी निष्कर्ष नंतर वाचते, आधी शोधते: वाचक किती, त्यांना काय माहीत होतं, कप्पा किती. हे तीन नसतील तर पुढचे आलेख कितीही रंगीत असोत, मी पान उलटते.

आणि अभ्यासाचं बरंचसं बरंवाईट वाचनाच्या खोलीत ठरतही नाही. ते ठरतं फोटो काढताना, तंत्रज्ञाच्या हाती. सहा फुटांवरून, पाठीकडून किरण. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे दाबलेले, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला होतात. पूर्ण श्वास भरून धरलेला. दमेकऱ्याला 'श्वास रोका' म्हणून चालत नाही. त्याच्यासोबत दोनदा श्वास भरून दाखवावा लागतो. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा तळ दाटतो आणि नसलेला आजार दिसतो. फोटो फिका निघाला तर ठिपके जास्त वाटतात, काळा निघाला तर असलेले गडप होतात. डिजिटल यंत्रं आल्यावर वाटलं होतं ही कटकट मिटली. उलट, काही यंत्रं कडा ठळक करून चित्र देखणं करतात आणि साध्या रक्तवाहिन्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. आमच्याकडचा एक जुना तंत्रज्ञ डिग्रीवाला नाही, पण त्याने काढलेली फिल्म परत करावी लागत नाही. शोधनिबंधांवर अशा माणसांची नावं नसतात. मला ते चुकीचं वाटतं.

आता संगणक फोटो वाचतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांच्या आणि त्यावरच्यांच्या टीबी-शोधासाठी त्याला मान्यता दिली, आणि हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरताहेत. मी विरोधात नाही. ज्या गावात रेडिओलॉजिस्ट पोहोचत नाही तिथे यंत्राने संशयित निवडून थुंकी तपासायला पाठवली तर फायदाच आहे. मात्र टीबी ओळखायला शिकवलेल्या यंत्रासमोर गिट्टी खदानीतली छाती ठेवली तर ते काय म्हणेल, हे खदानीच्याच पट्ट्यात तपासायला हवं. खदानीची धूळ ओळखणारं यंत्र घडवायचं तर त्याला 'बरोबर उत्तर' म्हणून जे दिलं जाईल ते शेवटी आमच्यासारख्या वाचकांचं मत असेल. ०/१ आणि १/० वर अडखळणारं.

अडखळणं कमी करायला पट्टीसोबत बावीस प्रमाण फिल्म येतात. नियम असा की आठवणीवर विसंबायचं नाही. प्रत्येक वेळी ती फिल्म शेजारी लावूनच तुलना करायची. रोजच्या रुग्णासाठी माझ्याकडे तसं काही नसतं, एक सोडून: त्याचाच पाच-दहा वर्षांपूर्वीचा फोटो. तो शेजारी लावला की निम्म्या शंका जागच्या जागी सुटतात. तीच सावली तेव्हाही होती की नवी आहे, वाढली की तशीच आहे. पण निवृत्त झालेल्या कामगाराकडे बहुतेक वेळा कागदावरचा रिपोर्ट असतो, फिल्म नसते. घर बदलताना गेली, नाहीतर कोणीतरी भंगारात दिली. तेव्हा खदानीत, गिट्टीवर किंवा धुळीच्या कुठल्याही कामावर असाल, तर छातीचा प्रत्येक फोटो मागून घ्या. डिजिटल असेल तर सीडी किंवा मोबाइलमध्ये मूळ प्रतिमा घ्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. तारीख लिहा, सपाट ठेवा, आणि पुढच्या तपासणीला येताना नव्या चिठ्ठीबरोबर जुनं पाकीटही आणा.