काळ्या पाण्याचे तिकीट

प्रत्यक्ष सहलीपेक्षा सहलीचा बेत आखण्यातच अधिक मजा असते, असे माझे जुने मत आहे. त्यातून सहल अंदमानची असली म्हणजे विचारूच नका! गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे आणि आम्ही चौघे त्याच्या कडेकडेने ताटे ठेवून जेवत आहो.

चिरंजीवांना समुद्राच्या तळाची प्रवाळे पाहायची आहेत. चेन्नईहून तीन-चार दिवसांच्या बोटीचा माझा विचार सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी निकालात काढला. "घाटात एस.टी.त माझं काय होतं ते विसरलात वाटतं?" एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा विमान ठरले. घड्याळ आपलेच, पण गाव इतके पूर्वेला, की डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून भल्या पहाटे उठायचे, असा आमचा ठराव झाला. आमच्या घरातले पहाटे उठण्याचे ठराव किती टिकतात, हे वाचकांना सांगायला नकोच.

माझा हट्ट एकच होता. सेल्युलर जेलला एक सबंध दिवस द्यायचा. वीस वर्षे मी वर्गात 'माझी जन्मठेप'वर बोलत आलो. कोलू, काथ्या, दिवसाला तीस पौंड तेल, हे सारे मला तोंडपाठ. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही पाहिलीय ती कोठडी?" मी नाही म्हणालो आणि फळा पुसू लागलो. फळ्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून मी वाचतो आहे. १८९६ साली बांधकाम सुरू झाले, १९०६ साली संपले. मधोमध मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. आता तीनच उरल्या आहेत. कोठडी साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. प्रत्येक इमारतीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकर १९११ साली तिथे पोचले तेव्हा थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, तरी भावाभावांची भेट कित्येक दिवस होऊ शकली नाही. १९७९ साली तुरुंगाचे राष्ट्रीय स्मारक झाले. मनोऱ्यात राजबंद्यांची नावे कोरलेली आहेत.

हे मी जेवताना सांगत होतो. आईने भात कालवता कालवता हात थांबवला.

"सगळ्यांची नावं आहेत?"

"राजबंद्यांची."

"मग त्यांचं नसायचं," ती म्हणाली.

मुलगा झोपल्यावर तिने सांगितले. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे 'काशीस गेले' असे लिहिलेले आहे. ते काशीस गेलेच नव्हते. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून चुलतभावाचा जीव गेला आणि त्यांना काळे पाणी झाले. आईला हे तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने सांगितले होते. आजी नवी सून म्हणून घरात आली त्या वर्षी अंदमानाहून एक पत्र आले होते. पणजोबांनी ते न फोडता चुलीत घातले.

त्या रात्री मला झोप आली नाही. काळ्या पाण्यावर गेलेले बहुतेक कैदी असलेच होते, हे मी पुस्तकात वाचले होते आणि पान उलटले होते. आरंभी कोठडी, मग वर्षानुवर्षे जंगलतोड आणि रस्ते. वर्तणूक चांगली राहिली तर दहाएक वर्षांनी 'तिकीट' मिळे. मग माणसाने जमीन कसावी, कैदी बाईशी लग्न लावावे. त्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. ते आपापसात हिंदुस्थानी बोलतात आणि जातीपाती त्यांच्या आजोबा-पणजोबांनी समुद्रापलीकडेच ठेवलेल्या.

म्हणजे भाताच्या एखाद्या खाचरापाशी माझे चुलत नातलग असतील. नसतीलही. त्या पत्रात काय होते? पैसे मागितले होते, की क्षमा, की नुसते लग्नाचे कळवले होते? आणि ज्यांचा जीव गेला त्यांचेही घर आमच्या शेजारीच होते. त्यांचे नातू-पणतू अजून गावात आहेत, गणपतीत आमच्याकडे आरतीला येतात. पूर्वजाचा अभिमान वाटावा असे यात काही नाही, पण त्यांना काशीस पाठवून आम्ही मोकळे झालो, हेही काही बरे केले नाही.

दुसऱ्या दिवशी आईने विचारले, "तिथे पायऱ्या पुष्कळ आहेत का रे?"

"तीन मजले आहेत, आई. तुझे गुडघे—"

"मी खाली बसेन. माझंही तिकीट काढ."

काढले. मुलाला अजून काही सांगितलेले नाही. कसे सांगावे हे व्याख्यानासारखे जुळवता येत नाही. बेताच्या वहीत तिसऱ्या दिवसापुढे मी पेन्सिलीने 'मोकळा' असे लिहून ठेवले आहे आणि चिरंजीव रोज त्यावर बोट ठेवून म्हणतात, "बाबा, या दिवशी पुन्हा प्रवाळं पाहू या की!"