आधीचे काम

बिऱ्हाड हलवताना काय हरवते? टाकाऊ वस्तू कधीच हरवत नाहीत. हरवते ती घड्याळाची किल्ली, नाही तर देवांच्या डब्यातली घंटा. परंतु ज्याला हात लावता येत नाही असे सामान हलवतानाही हाच न्याय लागतो, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत कळले.

डहाणूजवळ आगरला आमचे जुने घर आहे. पुढे ओटा, मागे चिकूची चार झाडे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि आमच्या भिंतींना भेगा पडल्या. माझा थोरला भाऊ इंजिनिअर. पुढे दुरुस्ती काढली तेव्हा दादाने सगळी कामे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मांडली. काम, दिवस, सुरुवात, शेवट, आधीचे काम आणि शेरा, असे रकाने. न्हाणीघराच्या मोरीलासुद्धा त्याने पुलाचा मान दिला होता! काम अर्ध्यावर आले आणि दादा गेला.

महिन्याभराने वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांचे काम अर्धवट राहायला नको."

दादाच्या सॉफ्टवेअरचा परवाना थोड्याच दिवसांत संपणार होता. माझ्याकडे होते अ‍ॅक्सेस. मी पडलो मराठीचा प्राध्यापक; कोष्टकांशी माझा संबंध गुणपत्रकापुरता. पुतण्याने फोनवरून धीर दिला, "काका, आधी एक्सेलमध्ये उतरवा, तिथून अ‍ॅक्सेसमध्ये घ्या. सोपे आहे."

खरेच सोपे होते. अठ्ठ्याहत्तर कामे एका रात्रीत आली. वाटेत मी ती तारखेप्रमाणे लावली, जुन्या क्रमांकांचा रकाना निरुपयोगी म्हणून गाळला आणि अ‍ॅक्सेसला नवे क्रमांक घालू दिले. सकाळी पाहतो तो 'कौले चढवणे' याचे आधीचे काम 'ओट्याला रंग'!

दादा असे लिहिणे शक्य नव्हते. घोळ माझाच होता. 'आधीचे काम' या रकान्यात कामाचे नाव नसते, नुसता ओळीचा आकडा असतो. ओळी हलल्या आणि आकडा भलत्याच कामाकडे बोट दाखवू लागला. पुतण्याने मग समजावले, की ओळीच्या क्रमांकाखेरीज प्रत्येक कामाला जन्मतःच आणखी एक क्रमांक मिळतो, तो कधी बदलत नाही, तोच आणायचा. शिवाय एका कामाआधी चार कामे असली, तर चारही आकडे एका घरात कोंबायचे नाहीत. नात्यांचे कोष्टक वेगळे करायचे आणि प्रत्येक नात्याला एकेक ओळ द्यायची. नाती सांभाळायची तर त्यांना जागा द्यावी लागते, हे मी वर्गात इतकी वर्षे सांगत आलो होतो!

नाती जुळली. मग शेरे वाचू लागलो. दुसऱ्या दिवशी गवंडी माजघराची पूर्वेची खिडकी बुजवणार होता. भिंतीला बळ येईल, असे त्याचे म्हणणे. दादाने त्या कामापुढे खूप लिहिले होते, पण शेवटचे वाक्य होते, "गवंडी खिडकी बुजवू म्हणेल, परंतु". पुढे काही नाही.

अ‍ॅक्सेसमध्ये मजकुराचे रकाने दोन जातींचे, लहान आणि मोठे. लहानात २५५ अक्षरे मावतात आणि आपल्या काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. मी लहान रकाना दिला होता. सगळे लांब शेरे तिथेच तुटले होते.

रात्री वहिनींकडे जाऊन दादाचा संगणक उघडला. परवाना संपायला चार दिवस होते. "परंतु ऐकू नये," दादाने लिहिले होते. "खिडकीवर नवे लिंटल घालावे. आई पहाटे तिथे बसून बाग पाहते." तिथूनच गवंड्याला फोन केला. मग ते सारे शेरे एकेक करून हाताने उतरवून घेतले. शेजारी वहिनी वाचत बसल्या होत्या. बोलल्या नाहीत.

शेवटची ओळ होती, 'आईला आगरला आणणे'. दिवस : शून्य. नुसता टप्पा दाखवायचा असला की तिथे शून्य दिवस लिहितात, एवढे मी शिकलो होतो. नात्यांच्या कोष्टकात त्या ओळीचे आधीचे काम शोधले. एकच होते : माजघराची खिडकी.

या दिवाळीला आई आगरला आहे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे मला जाग आली, तेव्हा ती खिडकीशी बसलेलीच होती.