सोबत गेलेल्या गोष्टी

कापसाची खोली. दिवाळीच्या आगेमागे वेचणीला जोर आला की वऱ्हाडातल्या घराची एक खोली रिकामी केली जायची. पेट्या, पलंग ओसरीवर. आत आढ्याला टेकेल इतका कापूस. भाव येईस्तोवर तो तिथंच. मोठ्यांसाठी ती वर्षाची कमाई होती, लेकरांसाठी उडी मारायची जागा. खिडकीच्या चौकटीवर चढायचं आणि अंग सोडून द्यायचं. लागत नसे, आवाज होत नसे, आणि छातीपर्यंत रुतलं की हिवाळ्यातही ऊब मिळे. रात्री अंगभर खाज सुटायची, माय ओरडायची, सकाळी पुन्हा तेच. कापूस आजही घरात साठतो; भाव पडला की जास्तच साठतो. पण आता त्यावर ताडपत्री असते आणि पोरांना त्या खोलीत कोणी फिरकू देत नाही.

मूठभर कापूस. गावात रेवडीवाला आला की पैशांऐवजी खिशात कोंबलेला कापूस चालायचा. तो काट्यावर घालत नसे. हातानं दाबून बघायचा आणि त्या मापानं रेवड्या द्यायचा. ढिगातली मूठ कमी झालेली आजीला दिसत असे. ती बोलत नसे.

गाडीवरची झोप. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षं खरेदी केंद्रापुढच्या बैलगाड्यांच्या रांगा हे वऱ्हाडातल्या हिवाळ्याचं नेहमीचं दृश्य झालं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे हाल झाले, हे विसरून चालणार नाही. पण त्याच्याबरोबर हट्टानं आलेलं पोरगं भरल्या गाडीवर, कापसाच्या गादीवर, उताणं पडून चांदण्या बघत झोपी जायचं. माप झालं की बाप त्याला हॉटेलात न्यायचा. आलूबोंडा, वर तर्री, आणि घरच्यांसाठी कागदात बांधलेली जिलबी. आता ट्रॅक्टरची ट्रॉली सकाळी जाते आणि दुपारी परत येते. हे चांगलंच झालं. फक्त त्या पोराला सोबत न्यायचं आता कारण राहिलं नाही.

भुलाबाई. हिच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, पुरा महिना, संध्याकाळी पोरींचा घोळका घरोघर फिरायचा. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे भिल्लिणीच्या आणि भिल्लाच्या वेशातले पार्वती-शंकर. मातीची जोडी, मांडीवर बाळ गणपती, पुढं पणती. टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची. त्यात सासरचा जाच, माहेरचा भाऊ, कारल्याचा वेल, सगळं यायचं. खरी मजा गाणी संपल्यावर. ज्या घरी भुलाबाई, त्या घरची पोरगी झाकणाचा डबा घेऊन मधे बसायची आणि डब्यातला खाऊ ओळखायला लावायची. डबा कानाशी नेऊन हलवायचा. फुटाणे एकसारखे खडखडतात, शेंगदाणे जड वाजतात, मुरमुऱ्यांची नुसती सळसळ येते, खारीक एखादीच ठक्‌ करते. मग प्रश्न. गोड का तिखट? ओलं का कोरडं? आपल्या गावचं का बाहेरचं? हुशार आया डब्यात मुद्दाम शिरा नाहीतर केळ्याचे काप ठेवायच्या, कारण ते बोलतच नाहीत. किंवा साखरेत दोन चिंचोके टाकून पोरींना भलत्याच वाटेनं न्यायच्या. ओळखणारीला वेगळं बक्षीस काही नसे. खाऊ सगळ्यांना सारखाच, चिमूट चिमूट.

लेकरांना एवढ्या थोडक्यात एवढं हसवणारा दुसरा खेळ मी पाहिला नाही. यात बाहुली विकत आणावी लागत नाही, मैदान लागत नाही, जिंकणारी आणि हरणारी सारखाच चिमूटभर खाऊ खातात. लागतात त्या महिनाभराच्या मोकळ्या संध्याकाळी आणि एकाच आळीतल्या आठ-दहा पोरी. नेमक्या याच दोन गोष्टी आता जुळत नाहीत. अमरावती-अकोल्यात महिला मंडळं भुलाबाईचा कार्यक्रम हौसेनं करतात, नऊवारी नेसून, मंचावर, एका संध्याकाळी. करावाच. गाणी त्यामुळं टिकतील. डबा मात्र मंचावर येत नाही, कारण तो कानाशी नेऊन ऐकावा लागतो आणि ध्वनिक्षेपक चालू असताना ते जमत नाही.

कोजागिरीला भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव घालत. धांडे शेतातून यायचे. आता पाच धांड्यांची जुडी शहरात विकत घ्यावी लागते, आणि खेड्यातही कुणाच्या वावरात आहेत ते विचारत फिरावं लागतं.

धांड्याचा चष्मा. वरचं टरफल सोलून त्याच्या काड्या, आतल्या भेंडाचे तुकडे. काडी वाकवून भेंडात खोचली की चष्मा. त्याच मालात बैलगाडी, चाकांसकट. कोवळ्या धांड्याचा गोडवा चोखायचा तो वेगळाच. काडीनं ओठ कापला जायचा, तरी.

ज्वारी वऱ्हाडातून कशी हटली ते समजून घ्यायला हवं, कारण या यादीतल्या बऱ्याच गोष्टी तिच्याच सोबत निघून गेल्या. वरून कोणाचा हुकूम नव्हता. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक हातात, त्यानंतर हरभऱ्याला रान मोकळं, आणि पैसा रोख. ज्वारीला पाखरं, रोही आणि रानडुकरं. कणसं भरताना पाऊस लांबला की दाणा काळा पडणार. सोंगणीला, खुडणीला मजूर मिळेना. आणि राशनवर गहू मिळू लागल्यावर भाकरीची गरजही कमी झाली. शेतकऱ्यानं बरोबरच हिशेब केला. मात्र त्या हिशेबाच्या कागदावर हुरडा नव्हता, माळ्यावरची जागल नव्हती, गोफणीचा सूं आवाज नव्हता, ओसरीच्या आढ्याला चिमण्यांसाठी टांगलेली कणसं नव्हती. या गोष्टी कोणी पेरल्याच नव्हत्या. ज्वारी पेरली की आपोआप उगवायच्या. त्या गेल्या तेव्हा कोणाचं नुकसान झाल्याची नोंद कुठंच झाली नाही.

कडबा कमी झाला, मग बैल कमी झाले. बैल कमी झाले, मग झडत्या.

झडत्या पोळ्याच्या. आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे आणि त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातला एखादा गडी, एरवी वर्षभर खाली मान घालून राबणारा, पुढं येऊन मोठ्या आवाजात झडती म्हणायचा. देवाचं नाव घेऊन सुरुवात, मग पाऊस, सावकार, कापसाचा भाव, सरकार, गावचा पाटील, कोणी सुटत नसे. ज्याच्यावर झडती झाली त्यानंही हसायचं असा दंडक होता. वर्षातून एक दिवस सालदार मालकाच्या तोंडावर बोलायचा आणि मालक त्याला बोजारा द्यायचा. ट्रॅक्टरला हार घालून पोळा होतो आता काही ठिकाणी. ट्रॅक्टरपुढं झडती म्हटलेली मी ऐकली नाही.

शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, मात्र परत आला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाला, २०२१ च्या अखेरीस अटींवर परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला. तळेगाव दशासरला पुन्हा गर्दी उसळते. बैलांना टोचणी-पराणी नको ही अट मला पूर्ण मान्य आहे. ती पाळूनही धुरकऱ्याची छाती फुगते, हे पाहून बरं वाटलं.

शकुंतला, छोट्या लाइनीची गाडी. मूर्तिजापूर जंक्शनवरून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. पहिला १९०३ चा, दुसरा १९१३ चा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीवर आणून टाकण्यासाठी घातलेले अडीच फुटी रूळ. १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत या वाटेवर धावत होतं. मग डिझेल आलं. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटरला चारेक तास. एवढ्या वेळात एस.टी. जाऊन परत येईल. तरी लोक बसायचे, एकतर तिकीट स्वस्त, आणि दुसरं म्हणजे ती थांबायची. वावरातून धावत येणारी बाई दिसली की थांबायची. दर्यापूर, अंजनगाव करत डब्यात अख्खा बाजार जमायचा. भाजीच्या पाट्या, कोंबड्या, माहेराला निघालेली लेक, कोर्टाच्या तारखेला निघालेले दोघं भाऊबंद एकाच बाकावर. ओळख नसताना विचारपूस सुरू व्हायची, "कोठी चालले हो भाऊ?" आणि उत्तर द्यायला भरपूर वेळ असायचा. हळू चालणाऱ्या गाडीत माणसं एकमेकांकडं बघून हसतात, कारण दुसरं करायलाच काही नसतं. गेल्या दशकात दोन्ही फाटे थांबले. गाडी परत सुरू व्हावी म्हणून दर्यापूर-अचलपूरकडं आंदोलनं होतात, निवेदनं जातात. ब्रॉडगेज झाली तर सोयीची होईल. हात दाखवून थांबणार नाही.

धूळघाटचा वेढा. अकोला-खंडवा मीटरगेजवर मेळघाटात गाडी डोंगर चढताना गोल फिरून आपल्याच रुळांवरून ओलांडून जायची. खिडकीतून खाली बघितलं की आपण आत्ताच येऊन गेलो तो रूळ. म्हातारी माणसंही दर वेळी खिडकीशी यायची. २०१७ च्या सुरुवातीला ही गाडी बंद झाली. अकोला ते अकोट मोठी लाइन २०२२ मध्ये सुरू झाली. जंगल वाघांकडं राहिलं, त्याबद्दल तक्रार नाही.

गोड्या पाण्याचा चहा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. विहीर खणली तर मचूळ पाणी. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. म्हणून लांबच्या गोड्या विहिरीवरून आणलेली घागर वेगळी झाकून ठेवलेली असायची, आणि पाहुणा आला की तिचं झाकण निघायचं. पाहुण्यालाही ते कळायचं. पहिल्या घोटाला तो मान हलवायचा, एवढंच. अकोट-तेल्हाऱ्याकडं वान धरणावरून ८४ खेडी योजनेचं पाणी आलं. ज्या बायकांच्या माना घागरींनी वाकल्या त्यांना विचारलं तर हे सुख गेलं याचाच त्यांना आनंद आहे, आणि त्यांचंच खरं. यादीत लिहून ठेवतो, परत मागत नाही.

अंजनगावचं पान. अंजनगाव सुर्जी आणि अकोट भागात बारी समाजाचे पानमळे. मळ्यात उन्हाळ्याच्या भर दुपारी शिरलं की आत गारवा, ओल्या मातीचा वास, कोवळा हिरवा उजेड. मळेवाला एक पान खुडून, धोतराला पुसून हातावर ठेवायचा. चुना-कात काही नाही, नुसतं पान. रोग, पाणी, गुटखा, सगळ्यांनी मिळून मळे खाल्ले. जे टिकले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता पानपिंपरी आहे, औषधाला जाणारी. मळ्याचा गारवा तोच. हातावर ठेवायला काही नाही.

पाडाचा आंबा. झाडावर पिकून आपोआप पडलेला. आमराईतल्या प्रत्येक झाडाला नाव होतं. शेप्या, खोबऱ्या, शेंद्र्या. वादळाची रात्र झाली की पहाटे कंदील घेऊन पोरं कुणाच्याही झाडाखाली. आमराया विटांच्या भट्ट्यांत गेल्या.

मिलचा भोंगा. अकोल्याला सावतराम मिल, अचलपूरला विदर्भ मिल. भोंगा झाला की चुलीवर भात चढायचा.

अशा गोष्टी लिहून ठेवायची रीत इथं जुनीच आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटानं तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आणि मग त्यांचे गुरू गोविंदप्रभूंच्या लीळा गोळा करून लिहिल्या. त्यातले गोविंदप्रभू लोकांच्या घरात शिरतात, खाऊ चाखतात, लेकरांमध्ये खेळतात, मनाला येईल तिकडं निघतात. तत्त्वज्ञान सांगायला बसलेल्या माणसानं अशा बारीकसारीक गोष्टी लिहायला घेतल्या, कुठं घडली, कोणासमोर घडली हे विचारून घेतलं. मराठी गद्याची सुरुवात आमच्या अमरावती जिल्ह्यात अशा गोष्टींनी झाली, याचा मला अभिमान वाटतो. २०२४ मध्ये त्याच गावी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांनी एकेका आजीसमोर बसून भुलाबाईच्या डब्यात काय काय असायचं ते लिहून घ्यावं, आणि झडत्या, कुणाच्या गावी कोण म्हणायचा त्यासकट.

बहिरमच्या जत्रेतली हंडी आहे अजून. २० डिसेंबरपासून महिनाभर, सातपुड्याच्या पायथ्याशी. पूर्वी माणसं दमण्या जुंपून, राहुट्या ठोकून चार-चार दिवस राहायची. आता दुचाकीवरून येतात आणि रात्री परततात. पण मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तेच आहेत. रोडगा फोडताना बोटं पोळतात आणि समोरचा माणूस हसतो. कोणी अनोळखी असला तरी.

आणि वाणी. हुरड्याची खास ज्वारी. दाणा गोड, टरफलातून सहज सुटणारा. आगटीत कणीस भाजायचं, दोन तळहातांत चोळायचं, फुंकर मारायची, तिळाच्या चटणीसोबत पुढ्यात ठेवायचं. चोळणाऱ्याला स्वतः खायला फुरसत मिळत नसे, दुसरा कोणी त्याच्या तोंडात घास टाकायचा. शहराबाहेर आता माणशी दर लावून हुरडा मिळतो, टेबल-खुर्चीवर, ताटात; चोळणारा पगारी असतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं याच वाणीतून निवड करून हुरड्याचे वाण काढले आहेत, पीकेव्ही अश्विनी हा त्यातला एक. म्हणजे बी आहे. आमच्या ओळखीचा एक शेतकरी सोयाबीनच्या वावरात धुऱ्याच्या कडेनं चार तासं तिची पेरतो. विकत नाही. पाखरं निम्मी खातात, उरलेल्यासाठी तो दिवाळीनंतर फोन करतो, "या बाप्पा, आगटी पेटवली."