शाल अंगावर टिकली पाहिजे

सुरतेच्या पांडेसऱ्यात राहून लोकर विणते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सुरतेत थंडी असते तरी किती?’ जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी तोच तिशीला टेकतो. धुळे-नंदुरबारची थंडी अंगावर काढलेल्या आम्हा खानदेशी लोकांना ही थंडी म्हणावी असंही वाटत नाही. पण इथे नुसता पारा बघून चालत नाही. प्रोसेस मिलमध्ये पॉलिस्टरचं कापड जेट मशिनमध्ये १३० अंशांच्या घरात रंगतं आणि पुढे स्टेंटरवर १८०च्याही वर तापून निघतं. त्या धगीत रातपाळी काढून माणूस सकाळी फाटकाबाहेर येतो आणि घामेजल्या अंगानं सायकलवर टांग टाकतो. माझ्या नवऱ्याचा घसा दर हिवाळ्यात तिथेच धरायचा. त्याच्यासाठी मफलर विणायला घेतला आणि विणकामाचा माझा खरा अभ्यास सुरू झाला.

त्याची अट एकच होती, लोंबणारं काही नको. मिलच्या खात्यात रोलर फिरतात, तिथे गळ्यात सैल कापड चालत नाही. मफलर डब्याच्या पिशवीत मावेल एवढाच हवा, फाटकाबाहेर आल्यावर क्षणात घालता यायला हवा आणि सायकलच्या चाकाकडे त्याचं टोक जायला नको. प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन १९२७मध्ये नीस शहरात मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकूनच गेली. लांब टोकाचा डौल मलाही आवडतो, पण तो पायी चालणाऱ्याला शोभतो.

म्हणून मी हातभर रुंदीचा मोह सोडला. वीतभर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब पट्टी, दोन सुलट-दोन उलट अशी वीण. ही वीण ताणते आणि सोडली की पुन्हा गळ्याला धरते. एका टोकापासून थोड्या अंतरावर टाके निम्मे-निम्मे करून दोन्ही भाग वेगवेगळे विणले, मग परत एकत्र घेतले. मधे उभी चीर राहिली. दुसरं टोक त्या चिरेतून ओढून घेतलं की मफलर छातीवर सपाट बसतो. गाठ नाही, पिन नाही, वरून शर्टाचं बटण लावलं की काम झालं.

हाच मफलर गल्लीतल्या पोरींनी उत्तरायणाच्या दिवसांत मागून घेतला. १४ जानेवारीच्या आसपास सुरतेत दुचाकीवर जाताना पतंगाच्या मांजाची भीती असते. काचेची पूड लावलेला दोरा गळ्यावर येतो तो दिसतही नाही. लोक गळ्याभोवती कापड गुंडाळतात, हँडलला उंच तार लावतात, त्या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकीला बंदीही असते. मी पोरींना बजावून सांगते, विणलेला मफलर हा आधार आहे, कवच नव्हे. दुहेरी वीण हनुवटीपर्यंत वर घ्या, हेल्मेट घाला, तार लावा आणि गाडी हळू चालवा.

बायकांच्या शालीचं कोडं याहून निराळं. आमच्या अंगावर रोजची साडी पॉलिस्टरची, सुरतेतच छापलेली. तिच्यावर लोकर ठरत नाही. शेजारची जिजी म्हणाली होती, “हाई शाल खांदावर ऱ्हासच नही.” चौकोनी शाल खांद्यावरून घसरते, कारण खांदा उतरता असतो आणि शाल सरळ. मग तिच्यासाठी त्रिकोणी शाल विणली. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना टाके वाढवत गेले आणि वरची कड थोडी कमानदार ठेवली, म्हणजे ती मानेमागे बसते. सुयाही बदलल्या. नेहमीच्या १० नंबरऐवजी जाड ७ नंबर घेतल्यावर वीण सैल पडली आणि शाल अंगावर पाण्यासारखी पडू लागली. बारीक सुईची घट्ट वीण गरम असते, पण पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते.

शाल घ्यायची कशी, हे पदरावर अवलंबून. आमचा पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, तिथे निऱ्यांना पिन असतेच. शालीचं एक टोक त्याच पिनेत अडकवायचं आणि दुसरं उजव्या काखेखालून पुढे आणून डावीकडे खोचायचं. उजवा हात मोकळा राहतो, साड्यांना लेस लावायचं काम करता येतं. गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि त्याची नक्षी छातीवर दिसते. तिथे शाल मागेच ठेवून दोन्ही टोकं दंडावर घ्यायची, पदर झाकायचा नाही. म्हाताऱ्या बायका डोक्यावरून पदर घेतात. त्यांची शाल पदराच्या खालून मानेभोवती घ्यावी, वरून घेतली की दोन्ही सरकतात. छापील साडीवर मी एकाच रंगाची शाल सुचवते. तो रंग साडीतल्या सगळ्यात बारीक फुलाचा निवडला तर जोड जमते.

लोकर निवडतानाही हाच विचार. लुधियानाची ॲक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपी, पण कोरड्या हवेत पॉलिस्टरवर घासली की चटचट करते. तिला गरम इस्त्री टेकवली तर विणीचा जीव जातो आणि ती कायमची लोळागोळा होते. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. ती गार पाण्यात दाबून, टॉवेलात गुंडाळून, आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर स्वतःच्या ओझ्यानं लांबते.

आता कुणी शाल मागितली की मी आधी तिला रोजची साडी नेसून यायला सांगते. पदर कुठला, कामाला बसून असतेस की स्कूटरवर, गावाकडे भुसावळच्या गाडीनं पहाटे जायचं असतं का, हे सगळं विचारते. टेप साडीवरून लावते, मगच टाके घालते. सत्कारात मिळालेल्या शाली कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत वर्षानुवर्षं पडून राहतात. हातानं विणलेल्या शालीच्या वाट्याला ते येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून विणणाऱ्या बायांना माझं सांगणं आहे की नक्षीआधी माणूस बघा. जिच्यासाठी विणता तिच्या दिवसात ती शाल बसली, तर ती रोज घातली जाईल, आणि रोज घातली गेली तरच आपल्या हातांचं चीज झालं.