सूज चढते तेव्हा

मार्च-एप्रिलात आमच्या धानोरा तालुक्यात पहाटे मोहाखाली माणसं असतात आणि अस्वलही असतं. दोघांनाही तेच फूल हवं असतं. त्या पहाटे अस्वलाने मला खाली पाडलं, डाव्या मांडीवर पंजा ओढला, आणि वहिनीने टोपलं आपटत आरडाओरडा केल्यावर ते नाल्याकडे पळालं. लोक मला अजूनही त्या दोन मिनिटांबद्दल विचारतात. मला सांगावंसं वाटतं ते त्यानंतर माझ्या मांडीत काय घडत गेलं ते. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, दाह हा धडा दरवर्षी फळ्यावर काढते. त्या महिन्यात तो माझ्या कातडीखाली चालू होता.

आत्याने आधी मला बोअरिंगवर नेलं आणि साबण लावून जखम धुतली. मी ओरडत होते, ती धुतच राहिली. दवाखान्यात रेबीजची लस, जखमेत आणि भोवती सीरम, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मग भूल देऊन डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं आणि जखम उघडीच ठेवली. जनावराच्या नखांबरोबर माती आणि जंतू खोल जातात. अशी जखम लगेच शिवली की ते आत कोंडले जातात, म्हणून टाके काही दिवसांनी घालायचे ठरलं.

दुसऱ्या दिवशी पाय टरारून सुजला, लाल झाला, हात लावला तर चटका बसावा इतका तापला. मला ताप भरला. दादा घाबरला, "पिकली वाटते," म्हणाला. पण तो ताप जंतूंचा नव्हता. मांस फाटलं की फुटलेल्या पेशींमधला ऐवज बाहेर सांडतो आणि आसपासच्या पेशी तो ओळखतात. मास्ट पेशी हिस्टामाइन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि उष्णता. त्यांच्या भिंती सैल होतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, म्हणून सूज. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीतून वाट काढत जखमेत उतरतात आणि जंतू गिळू लागतात. त्यांच्या मागून मोठ्या भक्षक पेशी येतात, त्या मेलेलं सगळं साफ करतात. प्रोस्टाग्लँडिन वेदना वाढवतात आणि मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर चढवतात. सर्जनची सुरी आणि अस्वलाचं नख यांत शरीर फरक करत नाही. स्वच्छ ऑपरेशननंतरही पहिले एक-दोन दिवस अंग तापतं ते यामुळेच.

रोज सकाळी रक्त घेत, त्यात सीआरपी पाहत. हे प्रथिन यकृत तयार करतं. 1930 मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. ऑपरेशननंतर साधारण 48 ते 72 तासांत ते शिखरावर पोहोचतं आणि सगळं ठीक असेल तर उतरू लागतं. डॉक्टर एकट्या आकड्यावर कधी बोलले नाहीत. ते कालचा कागद आजच्या कागदाशेजारी धरत.

आत्याकडे कागद नव्हता. ती पट्टीकडे बघायचीही नाही. "भूक लागते का तुले? जेवन गोड लागते का?" एवढंच विचारायची आणि माझ्या छातीकडे बघत श्वास मोजायची. ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत बाळंतपणानंतर घरी जाऊन नवजात बाळ तपासणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या, त्यांतली ती एक. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर मोठ्या माणसासारखा ताप चढेलच असं नसतं. उलट ते गार पडू शकतं. रडणं क्षीण होतं, दूध ओढणं थांबतं, हातपाय ढिले पडतात, छाती आत ओढली जाते, श्वास मिनिटाला 60 च्या वर जातो. अशी एकाहून जास्त लक्षणं एकत्र दिसली की आत्या घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची, सोबत तोंडाने कोट्रायमोक्साझोल. हे उपचार 1996 मध्ये सुरू झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शेकडा 16.6 दगावत, उपचारांनंतर 2.8. या आकड्यांत मी आत्याच्या रात्री बघते. मोठं कॉलेज न पाहिलेल्या बायकांनी हे केलं याचा मला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

टाके घातल्यानंतर दुखणं उतरत चाललं होतं. मग एका संध्याकाळी ते फिरलं. ठणका बसू लागला, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर. रात्री थंडी वाजून आली, समोरचं ताट नकोसं झालं. आत्या उठून थेट नर्सकडे गेली. सकाळी सीआरपी पुन्हा चढलेलं होतं. सर्जनने दोन बोटांनी दाबून पाहिलं, खाली पू हलत होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतराव्या अध्यायात सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, आम, पच्यमान आणि पक्व. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, दोन्ही वैद्यांना तिथे सारखाच दोष दिला आहे. बोटांनी पाहायची ती गोष्ट आजही बोटांनीच पाहिली गेली. दोन टाके सोडून पू काढला, अँटिबायोटिक बदललं, आणि दुसऱ्या दिवशी मी भात मागितला.

मोहफुलं दिसावीत म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाचोळा जाळतात. लक्ष असेल तोवर ती आग झाडाभोवती राहते. वारा फिरला की डोंगर पेटतो. सेप्सिस म्हणजे तेच. मांडीत उपयोगी पडणारी सैल झालेली रक्तवाहिनी अंगभर सैल झाली की रक्तदाब कोसळतो, लघवी कमी होते, माणूस बरळू लागतो, धापा टाकतो. इथे जंतूंइतकंच शरीराचं बेताल झालेलं उत्तर माणसाला मारतं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात, मी याचंच संथ रूप पाहिलं आहे. कुष्ठरोगात मज्जातंतूंची पुष्कळशी हानी जंतूंवर तुटून पडलेल्या दाहाने होते, कधी औषध सुरू झाल्यानंतरही. म्हणून तिथे जंतू मारणाऱ्या गोळ्यांबरोबर दाह आवरणारं प्रेडनिसोलोनही द्यावं लागतं.

दाह आपोआप विझत नाही, हेही मला तेव्हाच नीट उमगलं. काम झालं की न्यूट्रोफिल मरतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि मग स्वतःच शांत होण्याचे संदेश सोडू लागतात. नवं मांस भरतं, कोलेजनचे धागे आधी घाईने कसेही पडतात आणि पुढे वर्षभर पुन्हा नीट रचले जातात. व्रणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण 80 टक्क्यांपुढे सहसा जात नाही. माझ्या मांडीवरचा व्रण आता पांढुरका आणि सपाट आहे. बारावीच्या वर्गात हा धडा आला की मी मुलांना सीआरपीचा आलेख काढायला लावते, एक उतरत जाणारा, एक मध्येच पुन्हा चढणारा. आत्या गावात कुणी ऑपरेशन करून आलं की अजून जाते, उंबऱ्यातूनच जेवणाचं विचारते.