जुन्नरी कागद

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरात सगळ्यांनाच सुट्टी लागते, एकीला सोडून. ही गोष्ट आम्हाला समजायला सात वर्षं लागली. समजली तीही घरात नाही, शिवनेरी किल्ल्यावर.

आम्ही मंचरला राहतो. एकत्र कुटुंब. दीर चाकणला कंपनीत पाळीवर जातात. त्यांची पत्नी घरात सर्वांत धाकटी. लग्नाला सात वर्षं झाली, तरी घरात तिला सगळे ‘दुल्हन’च म्हणतात. तिला दोन मुलं. लेक सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. आम्ही सकाळी शाळेत जातो, दुपारी येतो, पुन्हा वह्या तपासायला बसतो. दुल्हन फजरला उठते. पाणी, चहा, डबे, मुलांच्या आंघोळी, धुणं, सासूबाईंची औषधं. दुपारी धाकटा झोपला तरच तिची पाठ टेकते. लग्नाआधी तिने कला शिक्षक पदविका केली होती. तिच्या ब्रशांचा आणि रंगांचा डबा माळ्यावर आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तो कधी खाली आला नाही, याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता.

या दिवाळीत मुलांनी ‘कुठेतरी जाऊ या’चा धोशा लावला. लांबचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा दुल्हनच हळूच म्हणाली, “भाभी, जुन्नरला जाऊ या का? माझं आजोळ तिथलं. नानी गेल्या, मामू मुंबईला गेले, त्यानंतर पाऊलच पडलं नाही.”

मंचर ते जुन्नर म्हणजे तास-सव्वातासाचा रस्ता. कळंब, नारायणगाव, की पुढे जुन्नर. इतक्या जवळ असून सात वर्षांत तिला आजोळचं गाव दिसलं नव्हतं, आणि तसं तिने कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. नारायणगावला गाडी बदलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, टोमॅटो, द्राक्षाच्या बागा. जुन्नरच्या स्टँडवर उतरल्यावर रिक्षा केली आणि शिवनेरीच्या पायऱ्यांपाशी पोहोचलो. गडाला सात दरवाजे आहेत. लेकीने ते बोटांवर मोजायला घेतले. महादरवाजा, मग पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा. पाचव्या शिपाई दरवाजाशी धाकटा बसला तो उठेना. दुल्हनने त्याला कडेवर घेतलं. तिच्या एका खांद्यावर डब्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर मुलाच्या कपड्यांची. आम्ही मात्र मोकळ्या हातांनी पुढे चालत लेकीला इतिहास सांगत होतो. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

इतिहास सांगण्यासारखा आहेच. अहमदनगरची निजामशाही स्थापन करणारा मलिक अहमद आधी या जुन्नरचाच कारभार पाहत होता. पुढे मलिक अंबर आला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि काही काळ त्याने राज्याची राजधानीच जुन्नरला आणली. आणि १६३० साली याच गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. तो काळ धामधुमीचा होता. शहाजीराजे मोहिमांवर, आणि जिजाऊ मासाहेब इथे.

वर पोहोचल्यावर अंबरखाना पाहिला. पुढे कमानी मशीद. दोन मिनारांच्या मधोमध हवेत उभी राहिलेली एकच दगडी कमान आणि खाली पाण्याचं टाकं. गडावर ईदगाहही आहे. शिवकुंजात जिजाऊंची आणि बाल शिवाजींची मूर्ती आहे. लेक त्या मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग बादामी तलावाकाठी बसलो तेव्हा आम्ही शाळेतल्यासारखा प्रश्न विचारला, “सांगा बरं, आज कोणी काय काय पाहिलं?” लेकीने सात दरवाजे सांगितले. आमच्या कॉलेजातल्या मुलाने मशिदीची कमान सांगितली. लेक आईकडे वळली. “अम्मी, तू काय पाहिलंस?”

दुल्हन हसली. “मी? मी तुम्हा दोघांना पाहिलं. एक कड्याकडे पळत होती, दुसरा टाक्याकडे.”

ती थट्टेने बोलली. आम्हाला मात्र ते लागलं. इतका गड चढून ती आली, आणि तिने गड पाहिलाच नव्हता. आम्ही घरातली सगळी मोठी माणसं तिला सुट्टीला घेऊन आलो, असं समजत होतो. प्रत्यक्षात घरातलं तिचं काम उचलून आम्ही गडावर आणलं होतं.

धाकट्याला त्याच्या बडे अब्बांनी खांद्यावर घेतलं. पिशव्या आमच्या मुलाने घेतल्या. दुल्हनला म्हटलं, “तू जा. कमानीपाशी जाऊन ये. आम्ही इथेच आहोत.” ती आधी तयार होईना. “तो रडेल, भाभी.” तो रडलाही. पाच मिनिटं रडला आणि मग खांद्यावरच झोपला. ती अर्ध्या तासाने परत आली तेव्हा एका बिलाच्या कोऱ्या पाठीवर तिने पेनने कमानीचं चित्र काढलं होतं. सात वर्षांत आम्ही तिचं पाहिलेलं ते पहिलं चित्र.

दुपारी खाली उतरलो. डबा संध्याकाळसाठी ठेवला आणि एका खानावळीत मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी घेतली. मासवडी ही आपल्या जुन्नर-आंबेगावची खासियत. माशाच्या आकाराची म्हणून मासवडी; आत सारण तीळ-खोबऱ्याचं. “मासा कुठाय?” असं विचारत धाकट्याने चार वड्या संपवल्या.

मग दुल्हनने खरी गोष्ट सांगितली. तिच्या नानीचं माहेरचं आडनाव कागदी. नानी एक गुळगुळीत दगड जपून ठेवत. “हा आमच्या घरच्या कागदाचा दगड,” असं म्हणत. लहानपणी तिला त्याचा अर्थ कळला नव्हता. ती म्हणाली, “भाभी, मला तेवढं विचारायचंय. कुणी सांगणारं असेल तर.”

जुन्नर हे एके काळी कागदाचं गाव होतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? कागद करणारे ते कागदी, आणि ते मुसलमान. कागदाची विद्या चीनमधून निघाली, आठव्या शतकात समरकंद आणि बगदादला पोहोचली आणि पुढे हिंदुस्थानात आली. ती ज्या वाटेने आली ती वाट आपल्या बोलण्यात अजून आहे. कागद हा शब्द फारसी. दस्ता, दप्तर, शाई हे शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आले. कलम आणि लिफाफा मुळात अरबी. मराठी शाळेतलं मूल दप्तर उघडून शाईने कागदावर लिहितं तेव्हा ही सगळी वाट त्याच्या बाकावर असते. आणि ज्या दीनमध्ये पहिल्या वहीतच वाचण्याचा आणि कलमाचा उल्लेख आला, त्या दीनच्या माणसांनी कागद करणं हा पोटाचा धंदा केला, यात नवल नाही.

कागदाला भरपूर वाहतं पाणी लागतं. जुन्नरला कुकडी नदी आहे. ताग-अंबाडीचे जुने दोर, गोणपाट, चिंध्या यांचे तुकडे करायचे, चुन्यात मुरवायचे, कुटायचे, नदीत धुवायचे, पुन्हा कुटायचे. तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक पत्रा उचलायचा. ओले पत्रे दाबून पाणी काढायचं आणि गुळगुळीत भिंतींना चिकटवून वाळवायचं. मग खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही. शेवटी दगडाने घोटायचं, म्हणजे बोरू अडखळत नाही. मराठ्यांच्या दप्तरांत हा ‘जुन्नरी कागद’ वापरला गेला. पेशव्यांच्या काळात जुन्नरचे कागदी पुण्यात जाऊन राहिले. कसबा पेठेतला कागदीपुरा ही त्यांचीच वस्ती. लिहिणारा मोडीतला कारकून आणि त्याच्या हाताखालचा कागद करणारा कागदी, दोघांच्या मेहनतीवर ती दप्तरं आजवर टिकली. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हौद कोरडे पडले. १९४० साली गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून पुण्यात हातकागदाची संस्था निघाली. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा हुन्नर अजून तग धरून आहे.

विचारत विचारत आम्ही एका वस्तीत गेलो. एका घराच्या ओट्यावर एक वयस्क खाला बसल्या होत्या. सलाम केला, नाव-गाव सांगितलं. दुल्हनने नानीचं माहेर सांगितलं तशा त्यांनी तिचा हात धरला आणि आत नेलं. जोहरची नमाज तिथेच पढलो. कागदाचं विचारल्यावर खाला म्हणाल्या, “हम ने तो देख्या नै, बेटी. हमारी सास बोलती थी, गल्ली की सब दीवारां पे कागद सूकते थे. बच्चे हाथ लगाए तो मार पडती थी.” एवढंच. पण दुल्हनने बाहेर आल्यावर गल्लीतल्या एका जुन्या भिंतीला हात लावून पाहिला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

संध्याकाळी वेळेत निघालो. या तालुक्यात उसाच्या कडेने अंधारात चालायचं नसतं. बिबट्याची भीती खरी आहे. माणिकडोहला जखमी बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते लेकीला पुढच्या खेपेला दाखवायचं कबूल केलं. मगरिबच्या आधी मंचरला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा डबा खाली आला. सुट्टीचे आठ दिवस उरले होते. ठरलं की घरी कागद करायचा आणि त्याचे ईदीचे लिफाफे करायचे.

करून पाहणाऱ्यांसाठी कृती सांगतो. जुन्या वह्यांची पानं घ्या. आमच्या घरात उर्दूच्याही वह्या होत्या. म्हणून आधी बसून अल्लाहचं नाव, बिस्मिल्लाह, आयत असलेली पानं वेगळी काढून जपून ठेवली. बाकीची बारीक फाडून रात्रभर भिजवली. सकाळी भरपूर पाण्यात मिक्सरमधून काढली. जुन्या फोटोच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. पसरट टबात पाणी आणि लगदा कालवून चौकट आडवी बुडवायची आणि सरळ वर उचलायची. पाणी निथळलं की सुती कापडावर उलटी करायची. वरून दुसरं कापड, त्यावर पाट, पाटावर वजन.

पहिले सहा कागद फाटले. काही जाड झाले, भाकरीसारखे. लेक रडकुंडीला आली. दुल्हनने शांतपणे लगद्यात आणखी पाणी घातलं. सातवा कागद अखंड उतरला. तो तिने न्हाणीघराबाहेरच्या फरशीच्या भिंतीला चिकटवला आणि लेकीला सांगितलं, “हात लावशील तर मार पडेल.” दोघी हसत सुटल्या.

हे आठ दिवस सकाळी अकरा ते एक स्वयंपाकघर आमच्याकडे होतं. आमचे हे भाजी चिरायला बसले. भात दोनदा लागला. सासूबाई आधी पुटपुटल्या, “शिकलेल्या सुनेने चिखल कालवायचा का?” मग तिसऱ्या दिवशी स्वतःच भाताची पेज गाळून घेऊन आल्या. “खळ हवी होती ना?” वाळलेल्या कागदाला ती पेज लावली. राहिलं घोटणं.

दुल्हनने घोडेगावला आईला फोन केला. नानीचा दगड आईकडेच होता. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला. भाऊ घेऊन आला. मुठीत मावणारा, एका बाजूने आरशासारखा झिजलेला. किती हातांनी तो किती कागदांवर फिरला असेल! पाटावर कागद ठेवून दुल्हन तो दगड फिरवायला लागली. खरखरीत कागद तिच्या हाताखाली हळूहळू चमकू लागला. धाकटा शेजारी बसून पाहत होता. त्या दिवशी त्याने तिला एकदाही हाक मारली नाही.

एकूण छत्तीस कागद झाले. काही वाकडे, काही डागांचे. तिने त्यावर कमानी मशिदीची कमान रेखली. रमजान येईपर्यंत लिफाफे तयार होतील, इन्शाअल्लाह. पहिला लिफाफा जुन्नरच्या खालांना द्यायला जायचं आहे.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. आम्हाला भीती होती की डबा पुन्हा माळ्यावर जाईल. म्हणून घरात बसून एक गोष्ट ठरवली. रविवारी अकरा ते एक मुलं आणि चूल आमच्याकडे. सुरुवातीला दुल्हन दर दहा मिनिटांनी आत डोकावायची. आता डोकावत नाही. मोहल्ल्यातल्या पाच मुली तिच्याकडे चित्र शिकायला येतात. परवा एकीच्या आईने सासूबाईंना विचारलं, “तुमची दुल्हन शिकवते का हो?” सासूबाई म्हणाल्या, “शिकवते तर! कागद्यांची नात आहे ती.”

आपल्या प्रत्येक घरात असा एखादा डबा माळ्यावर असतो. सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, हे जरूर ठरवा. त्याबरोबर हेही ठरवा की त्या दिवशी मुलांच्या आईच्या खांद्यावरची पिशवी कोण घेणार.